बेडसोअर इमर्जन्सीत सुरू होतो का, आणि तिथेच कसा थांबवायचा

प्रश्न थोडक्यात असा: इमर्जन्सीत आलेला रुग्ण वॉर्डात खाट मिळेपर्यंत आठ-दहा तास, कधी अख्खी रात्र स्ट्रेचरवर असतो. दोन-तीन दिवसांनी वॉर्डातून निरोप येतो, 'पेशंटला बेडसोअर झालाय, तुमच्याकडूनच आलाय.' इमर्जन्सीतले लोक म्हणतात, पाठवला तेव्हा कातडी चांगली होती आणि इतक्या थोड्या वेळात बेडसोअर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, होतच नाही. मग खरं कोणाचं? आणि एवढ्या धावपळीत करायचं तरी काय काय?

पहिल्या भागाचं उत्तर आधी देते, कारण ते पटल्याशिवाय दुसऱ्या भागातलं कोणी काही करत नाही. दोन्ही बाजू खरं बोलत असू शकतात. तुमच्याकडून निघताना कातडी चांगली दिसली असेल आणि तरीही इजा तुमच्याच स्ट्रेचरवर झालेली असेल. दाबाची सगळ्यात वाईट इजा कातडीवर सुरू होत नाही, ती हाडाला लागून असलेल्या स्नायूत आणि चरबीत सुरू होते. कातडी त्या मानाने चिवट असते. आतला स्नायू मेला तरी वरून काही तास, कधी दोन दिवस काहीच दिसत नाही. खोल इजेचा जांभळा-काळसर डाग बहुधा दाब पडल्यानंतर ४८ ते ७२ तासांनी वर येतो. म्हणून तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरला डाग दिसला, तर घड्याळ तीन दिवस मागे न्यायचं: तेव्हा हा माणूस कुठे होता? बऱ्याचदा उत्तर येतं, इमर्जन्सीत, किंवा एक्स-रेच्या टेबलावर, किंवा त्याच्याही आधी घरात जमिनीवर पडलेला.

'इतक्या थोड्या वेळात होत नाही' हेही तपासून पाहू. १९५९ मध्ये कोसियाक यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं की दाब आणि वेळ यांचं नातं उलटं असतं. दाब जास्त असेल तर थोडा वेळ पुरतो, दाब कमी असेल तर जास्त वेळ लागतो. पुढच्या संशोधनातून आणखी एक गोष्ट समोर आली. रक्तपुरवठा बंद पडल्यामुळे होणारं नुकसान तासांच्या हिशेबात होतं, पण हाड आणि कठीण पृष्ठभाग यांच्यामध्ये चिरडून पेशींचा आकार बिघडला तर नुकसान मिनिटांत सुरू होऊ शकतं. त्यामुळे 'दोन तासांच्या आत सगळं सुरक्षित' अशी रेघ शरीराने कुठेही आखलेली नाही. जाड फोमच्या गादीवरच्या धडधाकट माणसाला चार तासांत काही होणार नाही. पण रक्तदाब ढासळलेली, दुखण्यामुळे हलू न शकणारी ऐंशीची आजी कठीण फळीवर असेल, तर तिला एक तासही भारी पडतो.

यातूनच तास कुठून मोजायचे ते ठरतं. केसपेपरवर आगमनाची वेळ असते आणि आपण तिथूनच मोजतो. शरीर मात्र हालचाल थांबली त्या क्षणापासून मोजतं. पहाटे बाथरूममध्ये पडलेला माणूस दुपारी सापडला, अर्धा-पाऊण तास अॅम्ब्युलन्सच्या स्ट्रेचरवर होता आणि मग तुमच्या दारात आला, तर तुमच्याकडे शून्य तास झालेले असले तरी त्याच्या खुब्याने सात-आठ तास भोगलेले आहेत. म्हणून पडलेल्या, बेशुद्ध सापडलेल्या, झटका आलेल्या, नशेत किंवा औषधांच्या अमलाखाली असलेल्या प्रत्येकाच्या बाबतीत सोबतच्या माणसाला विचारायचं, 'यांना शेवटचं चालता-बोलताना कोणी आणि कधी पाहिलं?' स्ट्रोकसाठी आपण हा प्रश्न विचारतोच. त्याच उत्तरावरून कातडीचाही हिशेब मांडायचा. अशा माणसाची पाठ आणि माकडहाड बघून थांबू नका. तो ज्या कुशीवर सापडला त्या बाजूचा खुबा, गुडघ्याची बाहेरची बाजू, खांदा, कान, गालाचं हाड, सगळं बघा. आणि त्याच वेळी डॉक्टरांना सीके (स्नायू मेल्याचं दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीच्या रंगाची आठवण करून द्या, कारण ज्या दाबाने कातडी मरते त्याच दाबाने स्नायू मरून मूत्रपिंडं बंद पडतात.

आता करायचं काय. मी बरेच विभाग पाहिले आहेत आणि माझं मत असं की नवा फॉर्म आणून हे थांबत नाही. इमर्जन्सीत नवं काम रुजत नाही. आधीपासून होत असलेल्या कामाला चिकटलेलं काम रुजतं. रुग्णाभोवती चार हात एकत्र येण्याचे क्षण तुमच्याकडे आधीच आहेत: अॅम्ब्युलन्समधून स्ट्रेचरवर घेताना, कपडे काढून गाऊन घालताना, मणक्याच्या दुखापतीत लॉग रोल करताना (डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून वळवताना), सीटीच्या टेबलावर सरकवताना, बेडपॅन देताना-काढताना, चादर बदलताना. या प्रत्येक वेळी पाठ आपोआप उघडी होते किंवा उचलली जाते. तेवढ्यात दहा सेकंद कोणीतरी मुद्दाम बघायचं आणि हात फिरवायचा. वेगळी फेरी मारायला माणूस मिळत नाही, पण हे होऊ शकतं. लॉग रोलमध्ये चार-पाच जण लावून आपण माणूस वळवतो, डॉक्टर मणक्यावर बोट फिरवतात आणि 'बॅक डाउन' म्हणतात. कातडी कशी आहे हे कोणी बोलतच नाही. डोक्याशी उभी असलेली व्यक्ती मोजणी करते, तशीच एकाने 'कातडी?' असं मोठ्याने विचारायचं आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं, हा नियम करून टाका. त्याच वेळी पाठीखालचा पसारा काढा. सुईची टोपणं, ईसीजीचे सुटलेले इलेक्ट्रोड, केबल, खिशातल्या किल्ल्या, फोन, पट्ट्याचं बक्कल, आणि भिजलेली पॅंट, हे सगळं तिथेच सापडतं. मोबाइलवर चार तास झोपलेल्या रुग्णाच्या पाठीवर चौकोनी वळ उमटतो. एकदा पाहिला की विसरत नाही.

बघायचं म्हणजे काय बघायचं? हाडावर लाली दिसली तर बोटाने हलकं दाबून तीन सेकंद धरा आणि सोडा. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त फिरतंय, दाब काढला की बहुधा ती लाली जाईल. दाबूनही लालच राहिली तर ती पहिल्या पायरीची इजा आहे, तशीच नोंद करा. सावळ्या आणि काळ्या कातडीवर ही युक्ती नेहमी चालत नाही, लाली दिसतच नाही. तिथे हात वापरावा लागतो. शेजारच्या कातडीपेक्षा जागा गरम किंवा गार लागते का, टणक किंवा उलट पिळपिळीत लागते का, सूज आहे का? आणि रुग्ण शुद्धीत असेल तर 'इथे दुखतंय का?' दुखणं हे फार चांगलं लवकरचं लक्षण आहे आणि आपण ते वाया घालवतो. 'सिस्टर, पाठ फार दुखतेय, जरा सरकवा' ही तक्रार आपण चौथ्यांदा ऐकतो तेव्हा वैताग येतो. तो माणूस त्याच्या परीने धोक्याची सूचनाच देत असतो. उजेडही हवा. पडद्याआडच्या अंधारात जांभळा डाग हमखास निसटतो, टॉर्च लावा.

धोका मोजायला ब्रेडन स्केल आहे. १९८७ पासून वापरात आहे, सहा बाबी, ६ ते २३ गुण, १८ किंवा कमी आले तर धोका. वॉर्डात तो उपयोगी आहे. इमर्जन्सीत पहिल्या अर्ध्या तासात त्यातली पोषणाची बाब कोणाला माहीत असते? नुसते आकडे भरले जातात. तुमच्या रुग्णालयाचा नियम असेल तर भरा, पण निर्णय मनातल्या चार प्रश्नांवर घ्या. हा स्वतःहून कूस बदलू शकतो का? बदलावी असं त्याला जाणवतं का, म्हणजे संवेदना आणि शुद्ध आहे का? रक्तदाब आणि ऑक्सिजन कातडीपर्यंत पोचण्याइतके आहेत का? आणि आतापर्यंत किती तास झाले? कोणत्याही एका प्रश्नाचं उत्तर वाईट असेल तर तो जोखमीचा. आधीचा बेडसोअर किंवा त्याचा व्रण असेल तर प्रश्न विचारायचीही गरज नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. इमर्जन्सीत सगळ्यात जास्त धोका कोणाला, असं विचारलं तर सगळे रिससमधल्या (अतिगंभीर रुग्णांच्या खोलीतल्या) व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाकडे बोट दाखवतात. धोका त्याला आहेच. पण त्याच्याभोवती सतत माणसं असतात, त्याची पाठ दिवसातून अनेकदा उचलली जाते. मला जास्त काळजी असते ती 'स्टेबल' म्हणून कोपऱ्यात किंवा कॉरिडॉरमध्ये लावलेल्या रुग्णाची. खुब्याचं हाड मोडलेली वृद्ध बाई, निदान झालेलं, ऑर्थोने (हाडांच्या डॉक्टरांनी) बघितलेलं, भरतीचे कागद झालेले, फक्त खाट नाही. इमर्जन्सीच्या मते ती आता वॉर्डाची, वॉर्डाच्या मते ती अजून पोचलेलीच नाही. औषधं कोणाच्या शीटवर लिहायची यावरही वाद, मग कूस कोण बदलणार? ती गप्प पडून असते कारण हललं की दुखतं. कॉरिडॉरमध्ये पडदा नसतो, त्यामुळे कोणी तिचा गाऊन वर करून कंबर बघायला धजत नाही. तासाला एकदा बीपी घेतलं जातं, ते हातावर. अशा रुग्णांसाठी एक नियम आधीच ठरवून ठेवा: भरतीचा निर्णय झाला आणि खाट मिळायला चार तासांपेक्षा जास्त लागणार असं दिसलं, की स्ट्रेचरवरून खऱ्या खाटेवर किंवा चांगल्या गादीवर हलवायचं, आणि कातडीची जबाबदारी नाव घेऊन एका सिस्टरकडे द्यायची. चार हा आकडा शास्त्राने दिलेला नाही, मी दिलाय. तुम्ही तीन ठरवा, पण ठरवा. आणि एक फिरता पडदा कॉरिडॉरसाठी मागून घ्या, त्याने बराच फरक पडतो.

त्याच बाईबद्दल अजून एक. तिच्यासाठी बेडसोअर रोखण्याचं पहिलं साधन गादी नव्हे, वेदनाशमन आहे. दुखणं आवरलं नाही तर ती हलणार नाही, तुम्हाला हलवू देणार नाही, आणि तुम्हीही दयेपोटी तिला 'राहू दे, झोपू दे' म्हणाल. खुब्याच्या फ्रॅक्चरला मांडीच्या वरच्या भागात नर्व्ह ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) लवकर दिला तर ती कंबर थोडी उचलू शकते, चादर बदलू देते, टाचेखाली उशी ठेवू देते. म्हणून डॉक्टरांकडे ब्लॉकसाठी तगादा लावणं हेसुद्धा कातडीचंच काम आहे. उलट टोकाला, जास्त झोपेची औषधं दिली की माणूस हलायचा थांबतो. भ्रम झालेल्या रुग्णाला शांत करून बांधून ठेवला तर त्याची नोंद जोखमीच्या यादीत लगेच करा.

टाचेवर थोडं रेंगाळते, कारण माकडहाड सगळ्यांना आठवतं आणि टाच कोणालाच नाही. टाचेच्या मागे हाड आणि कातडी यांच्यामध्ये फार थोडं मांस असतं, आणि पायाचं बरंच वजन त्या लहानशा जागेवर येतं. मधुमेह असेल तर जाणवत नाही, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील तर मुळात पुरवठाच कमी. मोडलेला पाय रुग्ण हलवत नाही, म्हणून त्याच बाजूची टाच आधी जाते. उपाय सोपा आहे: पोटरीच्या पूर्ण लांबीखाली उशी ठेवा, अशी की टाच हवेत राहील. उशी फक्त घोट्यामागच्या जाड कंडरेखाली (अकिलिस टेंडनखाली) ठेवली तर दाब तिथे सरकतो, काम झालं नाही. गुडघा अगदी ताठ ठेवू नका, पाच-दहा अंश वाकलेला असू द्या, नाहीतर गुडघ्यामागची नीला दबते आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. उशी ठेवून झाली की टाच आणि गादी यांच्यामधून हात किंवा कागद फिरवून बघा. मोजे आणि प्रेशर स्टॉकिंग काढून बघायचं, वरून नाही. पाणी भरलेले हातमोजे टाचेखाली ठेवायची जुनी पद्धत बंद करा, त्याने दाब कमी होत नाही. रबरी रिंगचंही तेच: मधल्या भोकाभोवती दाबाचं कडं तयार होतं आणि मधल्या जागेचं रक्त आणखी अडतं. लाल झालेली जागा स्पिरिट-पावडर लावून चोळायची सवयही सोडा. चोळल्याने आतला दुखावलेला भाग आणखी फाटतो आणि स्पिरिटने कातडी कोरडी पडते.

स्ट्रेचरच्या गाद्यांकडे वळू. बहुतेक स्ट्रेचर माणूस इकडून तिकडे न्यायला बनवलेले असतात, रात्र काढायला नव्हे. गादी पातळ, वापरून दबलेली, वरचं कव्हर ताठ. एखाद्या शांत तासात विभागातल्या सगळ्या गाद्या तपासा. चेन उघडून आतला फोम बघा, डाग असतील तर पाणी आत गेलंय, ती गादी बाद. मग दोन्ही हातांच्या मुठी एकत्र करून गादीच्या मधोमध अंगाचा भार टाका. खालचा पत्रा लागला तर रुग्णाचं माकडहाडही रोज त्याच पत्र्यावर टेकतंय. खरेदी विभागाला पत्र लिहिताना 'गाद्या खराब आहेत' असं लिहू नका, किती गाद्या या तपासणीत बाद झाल्या तो आकडा लिहा. नव्या घेताना उच्च दर्जाचा, शरीराप्रमाणे दबणारा जाड फोम मागा. आणि गादी कितीही चांगली असली तरी तिच्यावर चादर, प्लास्टिक, ड्रॉशीट (कंबरेखालची आडवी चादर), दोन पॅड आणि वर डायपर असे थर लावले तर तिचा उपयोग संपला. एक चादर, गरज असेल तर एक शोषून घेणारं पॅड, बस.

कूस बदलण्याबद्दल नेहमीचा प्रश्न, दर दोन तासांनी बदलायलाच हवी का? दोन तास ही परंपरा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दीर्घ मुदतीच्या शुश्रूषागृहांतल्या जोखमीच्या लोकांना घट्ट फोमच्या गाद्यांवर दर दोन, तीन किंवा चार तासांनी वळवून पाहिलं, तर बेडसोअरच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. पण हा निष्कर्ष उचलून स्ट्रेचरवर आणू नका. तिथली गादी वेगळी, ते लोक शॉकमध्ये (रक्तदाब ढासळलेल्या अवस्थेत) नव्हते. पातळ गादीवर दोन तास हा मला वरचा आकडा वाटतो, शॉकमधल्या रुग्णासाठी त्याहून लवकर. स्ट्रेचर अरुंद असतो, पूर्ण कुशीवर वळवला तर रुग्ण कठड्याला टेकतो आणि पडायची भीती असते. तेवढं वळवायची गरजही नाही. पूर्ण नव्वद अंशांत खुब्याच्या हाडावर सगळा भार येतो. पाठीमागे उशी किंवा पाचर सरकवून साधारण तीस अंशांचा कल द्या, मग माकडहाडाखाली हात घालून ते खरंच मोकळं झालंय का बघा. कठडे वर. जो रुग्ण वळवताच बीपी टाकतो, त्याला हळूहळू वळवा आणि थोडा वेळ थांबून बघा, बऱ्याच जणांचं बीपी काही मिनिटांत परत येतं. आलं नाही तर पूर्ण वळवणं सोडा, पण खांद्याखाली, कंबरेखाली आळीपाळीने घडी केलेला टॉवेल सरकवणं, डोकं या बाजूचं त्या बाजूला करणं, पाय उचलून ठेवणं, हे छोटे बदल चालू ठेवा. जो स्वतः हलू शकतो त्याला सरळ सांगा, 'दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं सरका.' बऱ्याच रुग्णांना वाटतं की इमर्जन्सीत हलायला मनाई आहे.

दम लागलेल्या रुग्णाचं गणित कठीण असतं. तीस अंशांपेक्षा वर डोकं उचललं की माणूस खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड खाली सरकतं. या ओढीत मधल्या बारीक रक्तवाहिन्या पिळवटतात. पण हृदय निकामी होऊन फुफ्फुसात पाणी भरलेल्याला तुम्ही आडवा करू शकत नाही. तिथे तडजोड अशी: डोकं उचलण्याआधी गुडघ्याखालचा भाग उचला किंवा उशी ठेवा, म्हणजे घसरण कमी होते. वर बसवून झाल्यावर त्याला क्षणभर पुढे वाकवून पाठ टेकूपासून सुटी करा आणि परत टेकवा, चिकटलेल्या कातडीची ओढ तिथे सुटते. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका, स्लाइड शीट (सरकवायची गुळगुळीत चादर) वापरा किंवा दोघांनी ड्रॉशीट धरून उचला. आणि श्वास बरा झाला की डोकं खाली घ्यायचं लक्षात ठेवा. तेच राहून जातं.

खुर्चीत बसवलेल्यांनाही विसरू नका. बसल्यावर अंगाचा बहुतेक भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो, म्हणजे दाब झोपल्यापेक्षा जास्त. कॉरिडॉरमध्ये खुर्चीत सहा तास सलाईन घेत बसलेली अशक्त व्यक्ती जोखमीची आहे, जरी आपल्या डोळ्यांना ती 'बरी असलेली' दिसली तरी.

उपकरणांचा भाग छोटा पण चटके देणारा. लाकडी किंवा प्लास्टिकची स्पाइन बोर्ड, म्हणजे मणक्याच्या दुखापतीत रुग्णाखाली घालायची कडक फळी, ही न्यायची वस्तू आहे. तिच्यावर निरोगी स्वयंसेवकांनाही अर्ध्या तासात दुखायला लागतं. पहिल्या तपासणीतच रुग्णाला तिच्यावरून उतरवा, सीटीची वाट बघत ठेवू नका. मणका सपाट, घट्ट गादीवरही सांभाळता येतो. मानेची कॉलर हनुवटी, जबड्याचा कोपरा, हासळी आणि डोक्याच्या मागे टोचते. लवकर मान क्लिअर करायला, म्हणजे मानेला इजा नाही हे ठरवायला, डॉक्टरांच्या मागे लागा, आणि कॉलर राहणारच असेल तर अॅम्ब्युलन्सची कडक कॉलर काढून अस्तराची लावा. मान धरायला माणूस ठेवून दर पाळीत आत बघा. एनआयव्हीचा (नळी न घालता मशीनने श्वास देण्याचा) मास्क नाकाच्या हाडावर जखम करतो. लावण्याआधीच तिथे पातळ ड्रेसिंग लावा, पट्टे गळती थांबण्यापुरतेच आवळा. थोडी गळती चालते. ऑक्सिजनची नळी कानामागे, ऑक्सिजन मोजणारा प्रोब एकाच बोटाला, कॅथेटर मांडीखाली, ट्यूबची फीत ओठाच्या कोपऱ्यात, हे सगळंही असंच दाबतं. घाईत घातलेलं प्लास्टर सूज वाढली की आवळतं. आणि बेडपॅन! देऊन विसरलेला बेडपॅन ही इमर्जन्सीतली खास इजा आहे, माकडहाडाभोवती गोल वळ. देणाऱ्यानेच काढायचा, मध्ये कोणी बोलावलं तर दुसऱ्याला सांगून जायचं.

माकडहाडावर आधीच लावायच्या फोम ड्रेसिंगबद्दल विचारणा नेहमी होते. मेलबर्नच्या एका रुग्णालयात ४४० ट्रॉमा आणि अतिगंभीर रुग्णांवर झालेल्या चाचणीत इमर्जन्सीतच माकडहाडावर आणि टाचांवर सिलिकॉनचं अनेक थरांचं फोम ड्रेसिंग लावलं. आयसीयूत दाबाच्या इजा झालेल्यांचं प्रमाण ड्रेसिंगवाल्या गटात ३.१ टक्के आणि दुसऱ्या गटात १३.१ टक्के निघालं. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती लावण्याची जागा, म्हणजे इमर्जन्सी. ड्रेसिंग महाग असतं, सगळ्यांना लावायचं नाही. आयसीयूत जाणारा, व्हासोप्रेसरवर (रक्तदाब वाढवणाऱ्या औषधांवर) असलेला, मणक्याची दुखापत झालेला, खुब्याचं फ्रॅक्चर असलेला, यांना लावा. कोरड्या, स्वच्छ कातडीवर लावा, खाली पावडर किंवा मलम नको, नाहीतर चिकटत नाही. वर तारीख लिहा आणि वॉर्डाला सांगा की हे उचलून आत बघायचं असतं, परत चिकटतं. लावलंय म्हणून कूस बदलणं थांबवू नका.

ओल्या कातडीचा मुद्दा पटकन: लघवी-शौच झाल्याबरोबर साफ करा, साबण आणि घासणं टाळा, बॅरियर क्रीमचा (कातडीला ओल लागू न देणाऱ्या मलमाचा) पातळ थर. पण दोन गोष्टींची गल्लत करू नका. ओलीमुळे होणारी लाली पसरट असते, घड्यांमध्ये जाते, कडा अस्पष्ट असतात. दाबाची इजा हाडावर आणि बहुधा आखीव असते. नोंद चुकली तर उपचारही चुकतो. दोन्ही एकत्र असू शकतात, तेव्हा दोन्ही लिहा.

आता तुमच्या वॉर्डाशी होणाऱ्या भांडणाकडे. आल्यावर दिसलेली प्रत्येक इजा जागा, मापं, रंग आणि वेळेसह लिहा. नियमात बसत असेल तर संमतीने, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो. पाठ बघता आली नाही तर 'बघितली नाही, कारण अस्थिर' असं लिहा. रिकामी जागा सोडली तर पुढचा वाचणारा 'ठीक होतं' असं समजतो. वॉर्डाला सुपूर्द करताना कातडीसाठी एक वाक्य पुरे: किती तास झोपून आहे आणि त्यातले किती आपल्याकडे येण्याआधीचे, शेवटची कूस किती वाजता आणि कोणत्या बाजूला, काय दिसलं. शक्य असेल तर दोन्ही सिस्टरनी वॉर्डाच्या खाटेवर घेतानाच एकत्र पाठ बघायची आणि एकाच कागदावर सही करायची. हे सुरू झालं की 'तुमचं की आमचं' निम्म्याने कमी होतं.

तरीही काही रुग्णांना ७२ तासांत डाग येणारच. वॉर्डाला विनंती करा की तो आल्यावर तुम्हाला कळवायचं, तक्रार म्हणून नव्हे, नोंद म्हणून. महिनाभर अशी नोंद ठेवली की नमुना दिसायला लागतो. कधी रात्रपाळी असते, कधी एकाच प्रकारचे फ्रॅक्चर, कधी तीन ठरावीक स्ट्रेचर. सुरुवात तिथून करा.

एका गटाला यातून सूट आहे. अखेरच्या घटका मोजणाऱ्या रुग्णाला दर दोन तासांनी हलवून कण्हायला लावण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी चांगली गादी लवकर मिळवा, वळवण्याआधी वेदनाशामक द्या, आणि ज्या स्थितीत त्याला बरं वाटतं त्याच स्थितीत राहू द्या. नातेवाइकांना आधीच सांगा की या अवस्थेत कातडीही इतर अवयवांसारखी निकामी होऊ शकते, म्हणजे उद्या डाग दिसला तर त्यांना वाटणार नाही की कोणी दुर्लक्ष केलं.